साडेआठचा कागद

जागृतीबाई आता घरी येणार नाहीत, हे मला नागसेनच्या खिशावरून कळलं. तो दुपारी दोनच्या सुमारास दवाखान्यातून आला. एकटाच आला. त्याच्या सदऱ्याच्या खिशात बाईंचा चष्मा होता. चष्म्याशिवाय बाई दोन पावलंसुद्धा टाकत नसत. मी दाराआडच्या खिळ्यावरून तो चष्मा पाहिला आणि समजलो.

नागसेन खुर्चीवर बसला. त्याने बाईंच्या थोरल्या बहिणीला, जिजाबाईंना, फोन लावला. "गेली," एवढंच म्हणाला. मग तो फोन हातात धरून बसून राहिला. फोन त्याचा नव्हता, बाईंचा होता. थोड्या वेळाने उठून त्याने तो चार्जिंगला लावला. त्यानंतर पायातले जोडे काढले.

मित्रांनो, मला रडता येत नाही. मला एकच काम येतं, ते म्हणजे कागद धरून ठेवणं. माझ्या चापाखाली चार कागद आहेत. त्यांवर दोनशे बारा मुलांची नावं आहेत. दोनशे अकरा नावांपुढे बरोबरची खूण आहे. एका नावापुढे नाही. ते काम बाईंच्या हातात होतं. आता ते कोण करणार, ही काळजी मला त्या दुपारी लागली.

मी कोण, ते आता सांगतो. तुम्ही परीक्षेला पेपराखाली जे पॅड घेता, तसंच मी एक पॅड आहे. फक्त फार जुना आहे आणि पुठ्ठ्याचा नाही. बाईंचे वडील नानाजी वर्ध्याला आरा मशीनवर लाकूड कापायच्या कामाला होते. लेकीची दहावी आली तेव्हा त्यांनी सागाच्या फळीचा एक उरलेला तुकडा मालकाला विचारून घेतला. तो पातळ केला, चारही कडांना पॉलिश पेपर मारला आणि दुकानातून पोलादी चाप आणून वर ठोकला. "पुठ्ठ्याचं पॅड घामानं फुगते," ते लेकीला म्हणाले. "हे नाई फुगत. तू फक्त पेपर पाह्यजो." बाई पास झाल्या. नानाजींनी पेढे वाटले तेव्हा एक पेढा माझ्यावर ठेवून शेजारी नेला होता. त्याचा तुपकट डाग अजून माझ्या एका कोपऱ्यात आहे.

बाईंनी माझ्यावर बी.ए. केलं, बी.एड. केलं. त्यांचं लग्न नागसेनशी झालं. नागसेन एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. बाई गावातल्या एका इंग्रजी शाळेत शिकवत. एक दिवस त्यांनी पेपरात जाहिरात पाहिली. आखातातल्या एका अमेरिकन शाळेला कार्यालयात माणूस हवं होतं. अर्ज त्यांनी माझ्यावर ठेवूनच लिहिला. नागसेन म्हणाला, "टाकून तं पाह्य. लागली तं जाजो. मी डेपोत हाओ, माही आई हाये, आमी राहू." नोकरी लागली. घरात मूलबाळ नव्हतं. लोक बोलले. जिजाबाईही बोलल्या, "सारे नवरे बाहेर कमावाले जातात, आमच्या घरचं उलटंच हाये." पण बाईंच्या बॅगेत माझ्या शेजारी चिवड्याचा डबा जिजाबाईंनीच भरून दिला.

अशा अमेरिकन शाळा पुष्कळ देशांत असतात. दूतावासात, कंपन्यांत, मदत करणाऱ्या संस्थांत काम करणाऱ्यांची मुलं तिथे शिकतात. एका वर्गात कोरियाचं मूल, ब्राझीलचं मूल, नागपूरचंही एखादं. मूल दोन-तीन वर्षं राहतं आणि आईबापाची बदली झाली की जातं. म्हणून दर जूनमध्ये शाळाभर रडारड होते आणि ऑगस्टमध्ये नवीन चेहरे येतात. बाई शिकवत नव्हत्या. शाळा चालवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. मुलाला कोणत्या वर्गात बसवायचं, त्याचे मागच्या शाळेचे कागद कुठे अडकले, कोणत्या शिक्षकाचा व्हिसा संपला, कोणाला शेंगदाणा चालत नाही, बस कोणत्या रस्त्याने जाईल, हे सगळं त्यांना पाहावं लागे. आखातात त्या सहा वर्षं होत्या. मग आफ्रिकेतल्या एका देशात नऊ वर्षं. तिथे त्या सगळ्या कार्यालयाच्या प्रमुख झाल्या. त्या देशाचं नाव मी सांगत नाही. बाईही चारचौघांत सांगत नसत.

त्या शाळांत महिन्यातून एकदा एक सराव असतो. मोठा भोंगा वाजतो. आग लागली किंवा बाहेर गोळीबार झाला तर काय करायचं, त्याचा तो सराव. सगळी मुलं मैदानावर रांगेत येतात. शिक्षक आपापला वर्ग मोजतात. सगळे असले तर हिरवं कार्ड वर करतात, एकही कमी असला तर लाल. बाई मैदानाच्या मधोमध मला हातावर घेऊन उभ्या राहत. माझ्यावर सकाळची हजेरी असे. गैरहजर मुलाच्या नावापुढे पेन्सिलचा ठिपका. सगळ्या वर्गांचं हिरवं झालं की बाई माझ्यावरचा कागद स्वतः पाहत आणि मग आपलं मोठं हिरवं कार्ड वर करत. तोपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही.

बाईंचा एक नियम होता. मूल डोळ्यांनी दिसलं किंवा त्याचा आवाज ऐकला, तरच खूण. कोणी सांगितलं म्हणून खूण करायची नाही. एकदा लाल कार्ड वीस मिनिटं खाली आलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी फोनवर नागसेनला सांगितलं, "अवो, आज एक पोट्टी सापडेच ना. संडासात बसून गाणं म्हणून राह्यली होती." नागसेन म्हणाला, "आमच्या डेपोत गाडी नाई हरवत बाप्पा, तुमच्या शाळेत पोट्टे हरवतात." बाई पुष्कळ हसल्या. पण फोन ठेवल्यावर त्यांनी ती वीस मिनिटं वहीत लिहिली आणि दुसऱ्या दिवसापासून संडास पाहायला एक माणूस नेमला.

मला एकदा फार मान मिळाला. शाळा तपासायला अमेरिकेतून मंडळ आलं होतं. त्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने मला उचललं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला की वीज गेली, सगळं बंद पडलं, तरी हे चालेल. मी खूप फुगलो. नानाजी म्हणाले होते हे फुगत नाही, पण फुगलो खरा.

पुढच्या वर्षी शाळेत टॅबलेट आले. हजेरी टॅबलेटवर, उशिरा आलेल्याची नोंद टॅबलेटवर. मी खणात गेलो. बाईंच्या कार्यालयातला कारकून फक्त रीत म्हणून रोज सकाळी साडेआठला हजेरीचा कागद छापून माझ्या चापात लावायचा. टॅबलेट येण्याआधी कोणी उशिरा आलं की माझ्या कागदावरचा ठिपका खोडून खूण केली जात असे. आता ते कोणी करत नव्हतं. टॅबलेटवर होत होतं ना, मग कागदावर कशाला. मला ते दिसत होतं. माझ्यावरचा कागद रोज साडेआठलाच थांबत होता.

त्या शाळेत मरियम नावाची मुलगी होती. पाचवीत. तिचे वडील इद्रिस शाळेची बस चालवत. तिथल्या कामगारांच्या दोन मुलांना शाळा बिनपैशाने घेत असे, त्यांत मरियम होती. अंगाने बारीक, बोलायला धीट. बाई ऑगस्टमध्ये वर्ध्याहून गोरसपाक, म्हणजे गाईच्या तुपाची बिस्किटं, न्यायच्या. बाकीची मुलं एक तुकडा घेऊन पुरे म्हणायची. मरियम कार्यालयाच्या दारात येऊन विचारायची, "मॅडम, त्या गाईच्या बिस्किटाचा डबा रिकामा झाला का? मी धुऊन देऊ?"

मग तो दिवस आला. शहरात आठवडाभर गडबड होती. पण शाळा चालू ठेवा असा निरोप होता. त्या सकाळी काही रस्ते बंद होते, म्हणून बरेच कर्मचारी आले नाहीत. परिचारिका आली नाही. भोंगा वाजल्यावर रिकाम्या खोल्या पाहायची दोन माणसंही आली नाहीत. मरियमला रात्रीपासून ताप होता. साडेआठच्या कागदावर तिच्या नावापुढे ठिपका पडला. दहा वाजता इद्रिस तिला डॉक्टरांकडून घेऊन आला. घरी कोणी नव्हतं, आणि शाळा जास्त सुरक्षित, असं त्याला वाटलं. कारकुनाने तिचं नाव टॅबलेटवर हजर केलं आणि तिला आजारी मुलांच्या खोलीत झोपवलं. पाचवीच्या बाईंनाही टॅबलेटवरच ते कळणार होतं. त्यांनी तो पाहिला नव्हता, तोच साडेदहाला इंटरनेट गेलं. पावणेअकराला कारकुनाचं घर असलेल्या भागातून धूर निघाला, तेव्हा तो कोणाला न सांगता घरी पळाला. अकराला भोंगा वाजला. सराव नव्हता.

बाईंनी टॅबलेट उघडला. तो उघडेना. त्यांनी खण ओढला आणि मला बाहेर काढलं. मित्रांनो, मला तुमच्याशी खोटं बोलायचं नाही. त्या वेळी मला आनंद झाला होता. वर्षभर खणात पडून होतो, आणि शेवटी बाईंना मीच लागलो.

मैदानावर मुलं उभी राहिली. वर्गांची हिरवी कार्डं वर झाली. पाचवीचं कार्ड हिरवं होतं, कारण पाचवीच्या बाईंच्या हिशेबी मरियम आलीच नव्हती. जागृतीबाईंनी माझ्यावरचा कागद पाहिला. मरियमपुढे ठिपका होता. त्यांनी मोठं हिरवं कार्ड वर केलं.

बसेस निघाल्या. दुसरी बस इद्रिस चालवत होता. आपली मुलगी आपल्या वर्गासोबत पहिल्या बसमध्ये असेल, असं त्याला वाटत होतं. विमानतळावर मुलं उतरली. इद्रिस बाईंजवळ आला. तो हसत होता, कारण सगळे सुखरूप पोहोचले होते. त्याने विचारलं, "मॅडम, मरियम कुठं आहे?"

बाई म्हणाल्या, "ती आज आली नाही ना?"

"मी दहाला सोडली. तुमच्या ऑफिसात."

बाईंनी मला वर धरलं. ठिपका पाहिला. कागदाच्या कोपऱ्यात छापलेली वेळ पाहिली. आठ तीस. मला धरलेला त्यांचा अंगठा इतका घट्ट झाला की फळी मोडेल असं वाटलं.

 इद्रिसने बसची किल्ली मुठीत घेतली आणि तो वळला. बाई त्याच्या मागे निघाल्या. दारावरच्या सैनिकाने त्यांना अडवलं. आत आलेल्याला बाहेर जाता येणार नव्हतं, गाडी नेणाऱ्या ड्रायव्हरलाच सोडत होते. इद्रिस म्हणाला, "मॅडम, तुम्ही या मुलांना मोजा." बाईंनी माझ्या चापाला दोरीने बांधलेलं पेन ओढलं आणि त्याच्या तळहातावर आपला भारतातला नंबर लिहिला. त्याने मूठ मिटली. रिकामी बस घेऊन तो धुराच्या दिशेने गेला. आम्ही त्याला पाहिलं ते शेवटचं.

मुलं वेगवेगळ्या विमानांनी वेगवेगळ्या देशांत गेली. कोणाला आईबाप विमानतळावरच भेटले, कोणाला आठ दिवसांनी. बाई मला छातीशी धरून वर्ध्याला आल्या. त्यांनी साडेआठचे तेच कागद माझ्यावर ठेवले आणि एकेक मूल शोधायला लागल्या. बापाचं पत्र आलं तरी खूण नाही. मुलाला फोनवर आणायच्या. "काय नाव तुझं? जेवलास का?" एवढं विचारायच्या आणि मग खूण करायच्या. दोनशे अकरा खुणा व्हायला सात महिने लागले. त्यानंतर अडीच वर्षं एकच नाव उरलं.

त्यांनी शाळेच्या मंडळाला सगळं कळवलं. चूक माझी, असं स्वतःच्या हाताने लिहिलं. मदत करणाऱ्या संस्थांना पत्रं पाठवली. छावण्यांच्या याद्या मागवल्या. त्या याद्यांत मरियम नावाच्या अनेक मुली होत्या, पण ही नव्हती. दर सोमवारी सकाळी दहाला बाई ओसरीत खुर्ची टाकून बसायच्या आणि फोन करायच्या. नागसेन तोवर रिटायर झाला होता. तो चहा करायचा, चहा गार व्हायचा, तो परत गरम करायचा.

एकदा तो म्हणाला, "चूक कागदाची व्हती, जागृती. तुही काऊन म्हणते?"

"कागद साडेआठचा व्हता, तो खोटं नाई बोलला," बाई म्हणाल्या. "किती वाजले, हे मले पाहा लागत होतं."

मित्रांनो, बाईंनी मला दोष दिला नाही. पण मीही आनंदाने फुगलो होतो, हे त्यांना माहीत नव्हतं.

गेल्या महिन्यात बाईंच्या छातीत दुखलं. दोन दिवसांत सगळं संपलं. दवाखान्यात खाटेवर असतानाही त्यांनी नागसेनला सांगितलं होतं, "माहा फोन बंद नोको पडू देजा." तो हाव म्हणाला होता. म्हणून जोडे काढायच्या आधी त्याने फोन चार्जिंगला लावला.

पण नागसेनला इंग्रजी येत नाही. तिकडून फोन आला आणि त्याला बोलताच आलं नाही तर काय, या विचाराने मला घोर लागला. त्यालाही लागला असावा. जिजाबाईंची मुलगी समीक्षा शाळेत शिक्षिका आहे. त्याने तिच्याकडून एका कागदावर मराठी अक्षरांत इंग्रजी वाक्यं लिहून घेतली आणि तो कागद माझ्यावर लावला. रोज सकाळी तो मोठ्याने म्हणायचा, "हॅलो, धिस इज जागृतीज हाउस. प्लीज डू नॉट कट."

समीक्षा म्हणाली, "काका, थोडं हळू म्हणा. एसटी सुटून राह्यली असं वाटते."

"सुटलीच तं, पोरी," तो म्हणाला. "पकडाची हाये."

रविवारी बाईंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजी येऊन गेले, वंदना झाली, पाहुणे जेवून गेले. भांडी घासून झाल्यावर जिजाबाईंनी मला खिळ्यावरून काढलं. पदराने पुसलं. कागद चाळले. त्यांना सगळं ठाऊक होतं.

"नागसेनभाऊ," त्या म्हणाल्या, "एक बोलू का? एवढी खूण करून टाका आता. थे तिच्या जिवाले लागून होतं. आपल्या हातानं पुरं करून द्या, आन् हे पॅड तिच्या साड्यांसंग पेटीत ठेवून देऊ."

नागसेन म्हणाला, "पाहू."

मला भीती वाटली. दमलेला माणूस पाहू म्हणतो, तेव्हा तो अर्धा तयार झालेला असतो. एक खूण करायला कितीसा वेळ लागतो? ती झाली की कागद पुरा होतो. पुरा झालेला कागद परत कोणी वाचत नाही. आणि मरियमला शोधणारं जगात कोणी उरत नाही.

मंगळवारी दुपारी चार वाजता फोन वाजला. समीक्षा आणि जिजाबाई घरीच होत्या. नंबर परदेशातला होता. नागसेनने मला उचललं. कागद समोर धरला.  "हॅलो, धिस इज जागृतीज हाउस," तो म्हणाला. पुढचं वाक्य त्याला दिसेना. त्याचा चष्मा कपाळावर ढकललेला होता. पलीकडून मुलीचा आवाज आला. समीक्षाने फोन घेतला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून त्याचा आवाज मोठा केला.

ती मरियम नव्हती. एमा होती. मरियमच्याच वर्गातली, आता आठवीत. तिच्या नावापुढे कधीच खूण झालेली आहे. बाई गेल्याचं तिला जुन्या मुलांकडून कळलं होतं. ती रडली. मग म्हणाली की एक बातमी बाईंना सांगायची होती, उशीर झाला. त्यांच्या शाळेतले जुने चित्रकलेचे सर गेल्या हिवाळ्यात शेजारच्या देशात सीमेजवळच्या एका गावी गेले होते. तिथल्या बसस्टँडवर त्यांनी इद्रिसला पाहिलं. तो प्रवासी बस चालवत होता. मागच्या सीटवर एक मुलगी बसली होती, तेरा-चौदा वर्षांची, डोक्याला रुमाल बांधलेली. सरांनी हाक मारली, पण बस निघून गेली.

समीक्षाने एकेक वाक्य मराठीत सांगितलं. जिजाबाई खाली बसल्या.

"पोट्टी जिती हाये," त्या म्हणाल्या. "माही बहीण असती आज. करा भाऊ खूण. आता तं करा."

नागसेनने दोरीचं पेन धरलं. दुसरं पान वर घेतलं. मरियमच्या ओळीवर बोट ठेवलं. पेनचं टोक कागदाला टेकलं. माझा चाप जुना आहे, पण त्या वेळी मी होता नव्हता तो सगळा जोर लावून कागद धरला. त्याचा काय उपयोग होणार होता, मला ठाऊक नाही.

नागसेनने पेन उचललं.

"बसमंधी एक पोट्टी होती," तो म्हणाला. "थे कोणाची होती, हे कोणं पाह्यलं?"

"बाप हाये तं लेकच असन ना."

"जिजाताई, असन म्हणूनच थे हिरवं कार्ड वर झालतं."

 जिजाबाईंनी डोळे पुसले आणि त्या म्हणाल्या, "एक तशी गेली, तं दुसरा तसाच तयार झाला." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

नागसेनने पेन्सिल घेतली. मरियमच्या नावासमोर समासात बारीक अक्षरात लिहिलं: वडील सीमेजवळ दिसले. सोबत मुलगी. खात्री नाही. खाली तारीख घातली. मग समीक्षाला म्हणाला, "तिले विचार, बस कोणत्या रंगाची होती? सरकारी का खासगी? पाटी कोणत्या गावची होती?"

"काका, सरांनी एवढं पाह्यलं असन का?"

"विचारून तं पाह्य. ड्रायव्हर हरवला असन तं डेपोत शोधा लागते. मी पस्तीस वर्षं डेपोत काढले. कोणता ड्रायव्हर कोणत्या फेरीवर हाये, हे चहावाल्यालेबी माहीत राह्यते."

एवढी वर्षं छावण्या शोधल्या, संस्था शोधल्या. बसस्टँडवर चौकशी करावी, हे बाईंना सुचलं नव्हतं. ते नागसेनला सुचलं. एमा म्हणाली, बस पांढरी आणि निळी होती, एवढंच सर बोलले होते. गावाचं नाव ती सरांना विचारून कळवणार आहे.

त्या संध्याकाळी नागसेनने मराठीत पत्र सांगितलं आणि समीक्षाने ते इंग्रजीत लिहिलं. त्या गावच्या बसस्टँडच्या प्रमुखाला. त्यात लिहिलं आहे की मी भारतातला एक रिटायर मेकॅनिक आहे. तुमच्याकडे इद्रिस नावाचा ड्रायव्हर पांढरी-निळी बस चालवतो. त्याला सांगा, जागृती मॅडम वारल्या, पण नंबर चालू आहे. त्याच्या मुलीने एकदा फोन करावा आणि आपलं नाव सांगावं. दुसरं काही नको.

मित्रांनो, माझी गोष्ट इथपर्यंतच आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही लहान, आम्हाला हे कशाला सांगितलं. तर एवढ्यासाठी. तुमच्या शाळेत रोज हजेरी होते. कागदावर असो, मोबाईलवर असो, ती सकाळीच होते आणि मूल कधीकधी दुपारी येतं. तुमच्या शेजारचा मित्र उशिरा येऊन बसला, तर उठून सांगा की हा आला आहे. कोणी हसलं तरी सांगा. कोणी आजारी मुलांच्या खोलीत झोपलं असेल, संडासात असेल, झाडामागे रुसून बसलं असेल, तर तेही सांगा. मोठी माणसं कागद पाहतात, आणि त्यांना घाई असते. आम्हा पॅडांना तोंड नाही, तुम्हाला आहे.

आणि आमची काळजी घ्या असं मी म्हणत नाही. आमच्यावरचा कागद कधीचा आहे, तेवढं पाहत जा.

नागसेन आता सोमवारी सकाळी दहाला ओसरीत बसतो. चहा स्वतः करतो, स्वतःच पितो. एमाचा निरोप आलेला नाही. चित्रकलेच्या सरांचा नंबर लागत नाही. पाकिटावर गावाचं नाव घालायचं राहिलं आहे, म्हणून पत्र गेलेलं नाही. दुसऱ्या पानावर मरियमच्या नावापुढे खूण करायची बाकी आहे.